चाळीस टक्के आणि कचऱ्याची बादली

बिलाचा मेसेज आला तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. मिळकतकर, सन २०२४-२५, रक्कम रुपये १३,७३३. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी बिल चुकून आपल्या नंबरवर आलंय. आदल्या वर्षी आम्ही ८,२४० भरले होते. घर तेच, भिंती त्याच. बाल्कनीत कढीपत्त्याची एक कुंडी वाढली होती तेवढीच. मिळकत क्रमांक ताडून पाहिला, आमचाच. नावं पाहिली, नवऱ्याचं आणि माझंच. तोवर शिट्ट्या किती झाल्या ते विसरले आणि त्या दिवशी वरणाचं पार पिठलं झालं.

नवरा चाकणला कामाला आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, "करवाढ झाली असेल." हे त्याचं नेहमीचं. पेट्रोल, दूध, शाळेची फी, कशालाही तो वाढ झाली असेल म्हणतो आणि फोन ठेवतो. पण मी वीस वर्षं ऑफिसांत हिशेब बघते. करवाढ असली की आकडा असा बसत नाही. डबा भरता भरता कॅल्क्युलेटर काढला, ८,२४० भागिले शून्य पूर्णांक सहा. बरोबर १३,७३३. म्हणजे करवाढ नव्हे, आमची चाळीस टक्के सूट गेली होती.

पुण्याबाहेरच्या लोकांना हे सांगावं लागतं. पुण्यात घरमालक स्वतः राहत असेल तर घराच्या करपात्र रकमेत चाळीस टक्के सवलत मिळते, ती १९७० पासून. आता गंमत अशी की चाळीस टक्के सूट गेली म्हणजे बिल चाळीस टक्क्यांनी वाढत नाही. आपण साठ भरत होतो, त्याचे शंभर होतात. म्हणजे दोन-तृतीयांश वाढ. शिवाय दुसरा चिमटा बसतो तो वेगळाच. मुदतीत बिल भरलं की त्यातल्या सर्वसाधारण कराच्या रकान्यात सवलत असते: करपात्र रक्कम २५ हजारांपर्यंत असेल तर दहा टक्के, त्याच्या वर पाच. सूट धरून आमची करपात्र रक्कम १८ हजारांच्या घरात होती. सूट गेल्यावर ती ३० हजारांच्या वर गेली आणि दहाचे पाच झाले. एक गाठ सुटली की सगळी वीण उसवते, तसं.

सूट गेली कशी, याचा दोष मी कुणाला देऊ शकत नाही. २०१८ च्या आसपास शहरभर मिळकतींचं जीआयएस, म्हणजे नकाशावर घरोघरची नोंद घेणारं, सर्वेक्षण झालं. त्या वेळी आम्ही नवऱ्याच्या बदलीमुळे कोल्हापूरला होतो आणि घर इंजिनीअरिंगच्या तीन मुलांना भाड्यानं दिलं होतं. मोजणीला आलेल्यांना त्या मुलांनी खरं तेच सांगितलं असणार. लागली नोंद, भाडेकरू. २०२० मध्ये आम्ही परत आलो, पण नोंद काही आमच्याबरोबर परत आली नाही. मधल्या वर्षांत या सवलतीवरून शहरात आणि मंत्रालयात बरंच रामायण झालं. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, १ एप्रिल २०१९ पासून नव्यानं नोंद होणाऱ्या घरांना सूट बंद झाली. मग २०२३ मध्ये राज्य सरकारनं ती पुन्हा दिली. अट एकच, की ज्यांची सूट काढून घेतली होती त्यांनी पीटी-३ नावाचा अर्ज भरून आपण स्वतः राहतो हे दाखवायचं. शुल्क पंचवीस रुपये. मुदत आधी १५ नोव्हेंबर, मग ३० नोव्हेंबर. आमचं त्या वर्षीचं बिल सूट धरूनच आलं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त.

मुदतीची खबर आपल्यापर्यंत आलीच कशी नाही, म्हणून मी त्या रात्री सोसायटीचा ग्रुप नोव्हेंबरपर्यंत मागे सरकवत गेले. आली होती. बी विंगमधल्या एका आजोबांनी अर्जासकट टाकली होती. तिच्या वर मेसेज होता, "आज चौथा दिवस, ओला कचरा तसाच." खाली उंदरानं फाडलेल्या काळ्या पिशवीचा फोटो. त्याखाली सदतीस मेसेज, सगळे त्या पिशवीवर. पिशवी ए विंगची की बी विंगची, आत कोलंबीची टरफलं होती की नाही, आणि असली तर श्रावणानंतर का असेना पण जिन्यात का ठेवावीत. त्या ढिगाऱ्याखाली आमचे साडेपाच हजार रुपये पुरले गेले होते.

आमची सोसायटी सिंहगड रस्त्यावर हिंगण्याकडे आहे. बत्तीस फ्लॅट, चार मजले, लिफ्ट नाही. कचरा न्यायला एक मावशी येतात. वयानं माझ्याहून लहानच असतील, पण सगळी बिल्डिंग मावशी म्हणते म्हणून मीही म्हणते. सकाळी साडेआठला वरून सुरुवात करतात, दोन मोठ्या बादल्या, एक ओल्याची, एक सुक्याची. खाली ढकलगाडी. सुक्यातला पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या निवडून ठेवतात, त्या भंगारात विकतात. ओला कचरा कोपऱ्यावर येणाऱ्या छोट्या हत्तीत, म्हणजे कचऱ्याच्या लहान टेम्पोत, टाकतात. आणि हा सगळा डोलारा त्या छोट्या हत्तीवर उभा आहे. तो आला नाही की मावशींची बादली रिकामी होत नाही, आणि बादली रिकामी झाली नाही की तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या डस्टबिनला झाकण बसत नाही.

पूर्वी आमच्या कोपऱ्यावर लोखंडी कुंडी होती. शहर कुंडीमुक्त करायचं म्हणून ती उचलली. जागेवर रांगोळी काढली, मागच्या भिंतीवर कुणीतरी देवांच्या टाइल्स लावल्या, साईबाबा, गणपती, एक क्रूसही. तरी रात्री अकरानंतर स्कूटरवरून पिशव्या येतातच. फेकणारा आधी टाइल्सच्या कडेला नजर टाकतो आणि मग देवापासून दोन फूट लांब फेकतो. एवढी श्रद्धा शिल्लक आहे.

दारातून कचरा नेण्याचे आम्ही महिन्याला घरटी ऐंशी रुपये मावशींना देतो. यावर सोसायटीत कायमचं भांडण. मिळकतकराच्या बिलात सफाई कर वेगळा छापलेला असतो, मग हे ऐंशी कसले? एकाच कामाचे दोनदा पैसे? मीही हे बोललेली आहे. पुढे कधीतरी नीट समजून घेतलं, की दारोदार फिरणाऱ्या या बायकांना पगार नसतो. घराघरातून मिळणारं हे शुल्क आणि भंगाराचे पैसे, हीच कमाई. बिलातला कर रस्ते झाडण्यापासून गाड्या आणि प्रकल्पांपर्यंतच्या कामासाठी. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि २००८ पासून शहराचं दारातलं कचरा संकलन करारानं त्यांच्या सहकारी संस्थेकडे आलं, हे मी पेपरात वाचलं होतं. वाचणं वेगळं आणि दर पाच तारखेला ऐंशी रुपये सुटे शोधणं वेगळं. त्या एप्रिलात माझ्याकडेच मावशींचे तीन महिने थकले होते. हे आधीच सांगून टाकते.

तर अर्ज. मुदत संपली असली तरी घेतात, असं कळलं. मेअखेरीपर्यंत वाट बघून उपयोग नव्हता, कारण पुढे थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड. म्हणून पूर्ण १३ हजारांचं बिल जिवावर येऊन भरलं, सर्वसाधारण करातली पाच टक्के पदरात पाडून घेतली, आणि पावती घेऊन कागदपत्रांच्या मागे लागले.

स्वतःच्या घरात राहतो याचा पुरावा. ऐकायला काय सोपं वाटतं. मतदार ओळखपत्र चालतं. माझ्या कार्डावर पत्ता कोल्हापूरचा, कारण मतदान तिथे केलं आणि बदलून घ्यायचं राहिलं. वाहन परवाना चालतो. त्यावर माहेरचा सदाशिव पेठेतला पत्ता, लग्नाआधीचा. गॅसचं कार्ड चालतं. कार्ड सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन नऊ वर्षं झाली, सिलिंडर अजून त्यांच्याच नावानं येतो आणि सिलिंडरवाला खालून त्यांच्याच नावानं हाक मारतो, सासूबाईंना बरं वाटतं म्हणून आम्ही बदलत नाही. रेशनकार्ड गावाकडं. चार वर्षं मी या घरात भाकऱ्या थापतेय आणि सरकारी कागदावर कुठंच नाही! शेवटी कपाटातल्या साड्यांखाली नवऱ्याचा पासपोर्ट सापडला. २०२२ मध्ये कंपनीनं जर्मनीला पाठवायचं म्हणून काढायला लावलेला. जर्मनी काही झालं नाही, पण पत्ता या घराचा होता. तेवढा जर्मनीचा उपकार.

आता राहिलं सोसायटीचं पत्र, की सदर फ्लॅटमध्ये मालक स्वतः राहतात.

आमचे सेक्रेटरी काका रिटायर्ड आहेत आणि माणूस वाईट नाही. पार्किंगमधली ट्यूब गेली तर स्वतः शिडी लावतात. पण कचऱ्यावरून त्यांचं डोकं फिरलं होतं. संध्याकाळी गेले तर त्यांनी लेटरहेड आधीच काढून ठेवलं होतं. मजकूर मी सांगितला, त्यांनी लिहिला, सही केली, शिक्का शाईत दोनदा बुडवून उमटवला. आणि पत्र माझ्या हातात द्यायच्या आधी टेबलावर दुसरा कागद सरकवला.

"यावर एक सही करून जा. एकवीस झाल्यात."

मावशींच्या विरोधातली तक्रार होती. काम अनियमित, ओला कचरा उचलत नाहीत, उलट उत्तरं देतात, सबब सोसायटी पर्यायी व्यवस्था करू इच्छिते. पर्यायी व्यवस्था म्हणजे एक टेम्पोवाला, सगळा कचरा एकत्र न्यायला तयार, वेगळा करायची कटकट नाही.

"काका, पण गाडी येत नाही तर त्या काय करणार?"

"ते त्यांनी बघावं. आपण पैसे देतो ना?"

माझे तीन महिने थकलेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. त्यांचा हात अजून माझ्या पत्रावर होता. मुद्दाम ठेवला होता असं मी म्हणणार नाही. शाई वाळायची वाट बघत असतील. मी सही केली. बाविसावी.

कर कार्यालयात दोन खेपा झाल्या, त्याचं फार सांगण्यासारखं काही नाही. पहिल्या खेपेला पत्रावर फ्लॅट नंबर होता, मिळकत क्रमांक नव्हता, म्हणून परत. दुसऱ्या खेपेला रांगेत माझ्यापुढे पंच्याहत्तरीचे एक गृहस्थ होते, प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये १९८४ पासूनच्या पावत्या लावून. खिडकीतल्या बाईंनी त्यांना विचारलं, "पुण्यात दुसरं घर आहे का तुमचं?" कारण दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत लागते. गृहस्थ म्हणाले, "बाई, हे एक सांभाळता सांभाळता केस गेले." बाई हसल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा त्या बऱ्याच बऱ्या होत्या. माझ्या कागदांवरून नजर फिरवली, पंचवीस रुपयांची पावती दिली आणि म्हणाल्या, "पेठ निरीक्षक येऊन बघून जातील. घरी कुणीतरी असू द्या."

"कधी येतील?"

"येतील."

पेठ निरीक्षक हा शब्द मला आवडतो. आमच्या भागात पेठ नावाला नाही, सगळे विहार आणि नगरी. तरी कर बघायला येणारा माणूस पेठेचाच.

जून गेला, कुणी आलं नाही. जुलैत पाऊस लागला तो थांबेना. २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत नदी शिरली. आम्ही उंचावर, आमच्याकडे काही झालं नाही, पण दोन दिवसांनी तिकडून जाताना जे पाहिलं ते विसरत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाद्या, फ्रिज, लहान मुलांची पुस्तकं, सगळं एकाच रंगाचं, चिखलाच्या. माणसाचा सगळा संसार सकाळी संसार होता आणि दुपारी कचरा. मावशी म्हणाल्या, गाड्या तिकडं लावल्यात, आपली येईल तेव्हा येईल. ते अगदी बरोबर होतं. तिकडच्या माणसांपुढं आमच्या भाजीच्या देठांचं काय. पण बरोबर असलं म्हणून वास येत नाही असं नाही. पहिल्या दिवशी मी बादलीवर वर्तमानपत्र झाकलं. दुसऱ्या दिवशी चिलटं. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "काहीतरी मेलंय का गं ओट्याखाली?" चौथ्या दिवशी बादलीच्या तळाशी तपकिरी पाणी जमलं आणि ती उचलून बाथरूममध्ये नेताना हॉलच्या फरशीवर एक ओघळ आला. फिनाईलनं दोनदा पुसला, तरी दुपारी पंखा लागला की वास यायचा. त्या आठवड्यात मला सेक्रेटरी काकांचा कागद योग्य वाटू लागला होता. खोटं कशाला बोलू.

हे सगळं साचतं कुठं, याचा विचार पुण्यात राहून आपण सोयीनं करत नाही. कोथरूडच्या ज्या जागेवर शहराचा जुना कचरा डेपो होता तिथं आज वनाजचा मेट्रो डेपो आहे. म्हणजे कचरा संपला नाही, पुढं गेला, उरुळी देवाची आणि फुरसुंगीला. २०१७ च्या उन्हाळ्यात त्या डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि कितीतरी दिवस शहराच्या पिशव्या शहरातच कुजल्या. तेव्हा आम्हाला त्या गावांची नावं पाठ झाली होती. नंतर पुन्हा विसरलो.

ऑगस्टच्या एका बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून आले तर मावशी जिन्यात बसलेल्या. इतक्या उशिरा त्या कधीच नसतात. ओल्याची बादली पायाशी, पदरानं वारा घेत होत्या.

"ताई, तुमच्याकडं आज साहेब आला हुता. वही घिऊन."

माझ्या पोटात गोळा आला. "कोण? टॅक्सचा?"

"त्योच आसंल. बेल वाजवली, वाजवली. आजींना ऐकू जातंय व्हय? टीवी लावलेला मोठा. त्यानं वहीत लिवाया घेतलं. म्या वरनं येत हुते, म्हनलं काय लिवताय? तर म्हनला, घर बंद."

घर बंद. दोन शब्द. तेवढ्यावर आमचा अर्ज आणखी वर्षभर कुठल्या गठ्ठ्यात गेला असता, देव जाणे.

"मग?"

"मग काय. म्हनलं बंद कुठलं, आत आजी हायेत. बेल सोडा, कडी वाजवा. त्यानं वाजवली, तरी न्हाई. मंग म्याच बादलीच्या कडीनं दार ठोकलं." त्या हसल्या. "आजी आल्या, मला बोलल्या, म्हनल्या कचरा सकाळी दिला की! त्या साहेबाला म्हनल्या बस, पानी देते."

"त्यानं काय विचारलं?"

"मलाच इचारलं आधी. मालक राहत्यात का भाडेकरू? म्हनलं मालकच. तर म्हनतो तुमाला काय म्हाईत." मावशी पुढं जे बोलल्या ते त्यांनी त्या माणसाला खरंच तसंच्या तसं सांगितलं, की माझ्यासमोर थोडं रंगवलं, ते मला सांगता येणार नाही. पण बोलल्या त्या अशा. "म्हनलं मला न्हाई म्हाईत तर कुनाला? पोरं राहत हुती तवा नुसत्या बाटल्या निघायच्या आन् खोकी, त्या पिझ्झ्याची. भाजीचा काडीबर देठ न्हाई दोन वर्सं. आता मेथीच्या काड्या निघत्यात, तांदूळ धुतलेल्या पान्याचा वास येतुया, आजींच्या गोळ्यांची पाकिटं निघत्यात, बीपीची येगळी आन् शुगरची येगळी. हे काय भाडेकरूचं घर हाय व्हय?"

मी जिन्यात तशीच उभी. आमच्या घरात कोण राहतं, काय खातं, कोण आजारी आहे, हे इतकं नेमकं तर माझ्या नणंदेलाही ठाऊक नाही. जो पुरावा मी मतदार कार्डात, परवान्यात, गॅसच्या पुस्तकात शोधत होते तो रोज सकाळी साडेआठला मीच दाराबाहेर ठेवत होते.

"मंग त्यानं वहीत खोडलं," मावशी म्हणाल्या. "आजींची सही घेतली. गेला."

सासूबाईंना विचारलं तर त्यांची हकिकत वेगळीच. "एक मुलगा आला होता बाई, फार थकलेला. आपल्या धाकट्यासारखा दिसत होता. लाडू दिला." कशाबद्दल आला होता ते त्यांनी विचारलंच नव्हतं.

मी पर्समधून पैसे काढले. तीन महिन्यांचे कधीच सात झाले होते. मागचं धरून सगळं दिलं, वर पन्नास जास्त द्यायला गेले तर मावशींनी ती नोट परत केली. "ऐंशीचाच हिशेब ठिवा. न्हाईतर फुडच्या महिन्याला गोंधळ व्हतो." मग बादली उचलता उचलता, माझ्याकडं न बघता विचारलं, "त्या कागदावं तुमचीबी सही हाय म्हनं?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार. त्या काही बोलल्या नाहीत. खाली उतरताना बादलीची कडी कठड्याला लागून वाजत होती, पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू आली.

रविवारी सोसायटीची मीटिंग होती, गणपतीच्या वर्गणीची, शेवटी कचऱ्याचा विषय. मी उठून म्हटलं, त्या तक्रारीतून माझं नाव काढा. काका म्हणाले, असं काढता येत नाही, ठरावाला जोडलंय. मी म्हटलं मग खाली लिहा की बावीस नंबरचा विरोध आहे. थोडी चकमक झाली. मग बी विंगच्या त्याच आजोबांनी, ज्यांच्या पीटी-३ च्या मेसेजकडे कुणीच पाहिलं नव्हतं, एक प्रश्न विचारला. तो टेम्पोवाला सगळा कचरा एकत्र नेणार, पण नेऊन टाकणार कुठं?

कुणी बोलेना. कालव्याच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्यावर पिशव्यांची रांग सगळ्यांनीच पाहिलेली. काका म्हणाले, "ते त्याचं तो बघेल," पण जोर नव्हता. कुणीतरी सुचवलं की गाडी येणार नाही त्या दिवसांसाठी खाली झाकणाचे दोन मोठे पिंप ठेवू आणि सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करू, म्हणजे मावशींना हात घालून बघावं लागणार नाही. ठिपक्याचा विषय निघाल्यावर पुरुषमंडळी एकदम मोबाईलमध्ये बघायला लागली. विषय गणपतीनंतर घ्यायचं ठरलं. आमच्याकडं जे गणपतीनंतर घ्यायचं ठरतं ते दिवाळीनंतरही येत नाही, आणि या वेळी मला त्याचं वाईट वाटलं नाही. पिंप मात्र आले. एकाचं झाकण आठवडाभरात चोरीला गेलं.

पुढच्या वर्षीच्या बिलात चाळीस टक्के परत आले, आणि आम्ही जास्तीचे भरलेले पैसे वळते करून घेतले होते. आकडा मी तीनदा तपासला, चूक नव्हती. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "कर कमी झाला असेल."

सफाई कराच्या रकान्यावर या वेळी जरा जास्त वेळ थांबले. तो कर मी मुदतीच्या आत भरते, एक दिवस इकडचा तिकडं होऊ देत नाही, कारण उशीर झाला की शास्ती. मावशींचे ऐंशी सात महिने थकले तरी कुणी दोन टक्के लावले नव्हते. आता पाच तारखेला फ्रिजवरच्या गणपतीखाली ते काढून ठेवते. कधी कधी सहा होते.

मावशी अजून येतात. आमच्यात पूर्वीसारखं बोलणं आहे की नाही, मला नक्की सांगता येत नाही. बिल आलं त्या दिवशी मी त्यांना दारात गाठून सांगितलं, "मावशी, टॅक्सचं झालं बरं का काम. तुमच्यामुळे."

"झालं न्हवं? बरं झालं." सुक्याच्या बादलीतला पुठ्ठा दुमडून त्यांनी बगलेत मारला. "आन् ताई, उद्या गाडी न्हाई म्हनत्यात. ओला आतच ठिवा. दारात ठिवू नका, उंदरं लय झाल्यात."